दफेदार भागोजीचा पाट

माझगाव, मुंबई
९ फेब्रुवारी १९५०

शिवदास गुरुजींस बाळाजीचा रामराम.

बातमी वाईट आहे. आधी खाली बसा आणि मग पुढे वाचा. तुमचा मेहुणा, माझा चुलतभाऊ भागोजी गेला.

त्याच्या पलटणीचं, रिसाल्याचं, पत्र काल माझ्या खोलीवर आलं. नोकरीत लागताना त्यानं पत्ता माझाच दिला होता. पत्र इंग्रजीत, म्हणून गोदीतल्या कारकुनाकडून दोनदा वाचून घेतलं. दफेदार भागोजी यानं काश्मीरच्या लढाईत शत्रूसमोर मोठं शौर्य दाखवलं, त्याबद्दल सरकारनं त्याला वीरचक्र दिलं आहे, असा मजकूर. तो गेला असं कुठं लिहिलेलं नाही. पण सरकार असलं काही तोंडावर सांगत नसतं. माझा बाप पहिल्या लढाईत गेला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तार नाही, निरोप नाही. एक दिवस टपालानं पदक आलं, त्यावरूनच आईनं काय ते ओळखलं. गावातल्या आवडाबाईकडे तसंच झालं, बायजाकडे तसंच. पाखरवाडीत आजवर तीन पदकं आली आणि तिन्ही घरांत कुंकू पुसलं गेलं. शिवाय भागोजीचं पत्र दिवाळीपासून नाही.

गावी आपले पंच कोंडाजीकाका यांना निरोप धाडला आहे. शिमगा तोंडावर आला. सुतकाच्या दारात देवाची पालखी जात नाही, तेव्हा जे करायचं ते काका लौकर उरकतील. राहीजवळ तिचा भाऊ असावा म्हणून तुम्हाला लिहितो. शाळेत रजा टाका आणि निघा. भागोजी आणि मी एका ताटात जेवलेले. मला जास्त लिहवत नाही.

बाळाजी


माणगाव
२८ फेब्रुवारी १९५०

बाळाजीरावांस शिवदासचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. पण तुमचा निरोप माझ्याही पुढे धावला होता. मी पाखरवाडीत पोचलो तेव्हा मंडळी हरिहरेश्वरहून परतली होती. देह नाही म्हणून दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, पिंड दिले. जैनुद्दीन तांडेलानं आपल्या होडीतून सगळ्यांना नेलं-आणलं. कावळा पिंडाला लगेच शिवला, हे कोंडाजीकाका मला पुरावा म्हणून सांगत होते. मी म्हटलं, काका, कावळा भुकेला असेल. त्यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

अहो, पदक जिवंत माणसालाही देतात. पाखरवाडीत तसं आजवर घडलं नाही हा काही भागोजीचा गुन्हा नव्हे. मी रिसाल्याला पत्र टाकलं आहे. उत्तर येईपर्यंत थांबा म्हणून काकांना किती विनवलं. ते म्हणाले, "पालखी दारात यायची हाय, गुरुजी. ती काय तुमच्या टपालासाठी थांबल?"

राही रडली नाही. बायजानं तिच्या बांगड्या फोडल्या तेव्हा तिनं गुमान हात पुढे केले. तेरावं झालं आणि मी निघालो, त्या दिवशी ती जात्यावर बसली होती. पोस्टमन बांधावरून चालत आला तरी तिनं मान वर केली नाही, दळतच राहिली. पूर्वी तो दिसला की ती अंगणात धावत येई. बहिणीचं मन मेलं की काय असं वाटून मला फार भरून आलं.

शिवदास


माझगाव
९ मार्च १९५०

गुरुजींस रामराम.

तुम्ही शिकलेले, तुम्हाला आमची घाई खुपली असेल. पण आशा लावून ठेवू नका. पदक आल्यावरही माझी आई मनुबाई कित्येक वर्षं बापाचं ताट वाढून ठेवायची. ते ताट मी रोज बघितलेलं आहे. राहीचं तसं होऊ नये.

आमच्या मुंबईकर मंडळानं शोकसभा घेतली. भागोजीचा फोटो मिळाला नाही म्हणून मंडळाच्या गणपतीच्या तसबिरीशेजारी त्याचं नाव पाटीवर लिहून हार घातला. लोक फार बोलले. मलाही दोन शब्द बोलायला लावले, मी पाटीवरचा हार नीट केला आणि खाली बसलो.

आणखी एक. राही तरुण आहे, मूलबाळ नाही. आपल्यात पाट चालतो. विधवेनं पंचांसमोर होय म्हटलं की दुसरं लग्न लागतं, त्यात कमीपणा नाही. वर्ष सरल्यावर विचार करू. आज लिहितो आहे म्हणून रागावू नका.

बाळाजी


माणगाव
२५ एप्रिल १९५०

बाळाजीराव, आता तुम्ही खाली बसा.

भागोजी आला आहे. धडधाकट आहे, पूर्वीपेक्षा थोडा जाडच झाला आहे. हिवाळाभर बर्फानं वाट बंद होती, टपाल तिथंच अडकलं होतं. रिसाल्याचं मला आलेलं उत्तर आणि तो, दोघं एकाच आठवड्यात पोचले.

खाडीच्या तरीवर, होडी लागते तिथं, काय घडलं ते ऐका. भागोजीनं खाडीच्या अलीकडून हाक मारली. जैनुद्दीन होडी घेऊन अर्ध्यावर आला आणि थांबला. "मी तुला हरिहरेश्वराला पोचवून आलोय," तो ओरडला, "आता परत कसा नेऊ? आधी बूट काढ. पाय उलटे न्हायत ना, बघू दे." शत्रूच्या गोळीबारात न डगमगलेला आपला दफेदार वाळूत बसला आणि त्यानं मुकाट बूट-मोजे काढून दोन्ही पाय वर करून दाखवले. मग जैनुद्दीन होडीतून उडी टाकून आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडला. "माफ कर बाबा, खुदाची शपथ, मना वाटला तू गेलास."

घरात मात्र पाय टाकता आला नाही. ज्याला पिंड दिला तो माणूस पुन्हा जन्मल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही, असं पंचांचं म्हणणं पडलं. भागोजीला न्हाऊ घातलं, नव्या सुपाजवळ बसवलं (सुपात मावत नव्हता), आणि म्हाताऱ्या सखुबाईनं त्याच्या कानात कुर्र करून नाव ठेवलं. नाव भागोजीच ठेवलं, हे नशीब. त्यानं सगळं कवायतीसारखं केलं. पण बारसं झालं म्हणजे तो नवा जन्मला, आणि नवा जन्मला म्हणजे बिनलग्नाचा. राही तर विधवा. बिनलग्नाच्या माणसानं विधवेशी पाट लावायचा तर आधी रुईच्या झुडपाशी लग्न लावावं लागतं, तेही सोमवारी लागलं. रुई काही बोलली नाही.

राहिला पाट. कोंडाजीकाका म्हणाले, ही आपली रीत म्हणून विचारायचं. संध्याकाळी पंच बसले आणि काकांनी विचारलं, "राही, भागोजीशी पाट लावायला तुझी खुशी हाय का?"

राही म्हणाली, "इचार करून सांगते."

अजून तिचा विचार चालू आहे. मला वाटतं, लोकांसमोर लाजली असेल.

शिवदास


पाखरवाडी
१० मे १९५०

तीर्थरूप बाळाजीभाऊंस भागोजीचा नमस्कार.

मी खुशाल आहे. माझ्यामुळे तुम्हाला शोक झाला त्याचं वाईट वाटतं.

मी पडवीत निजतो. राही दोन वेळा जेवायला वाढते, पाहुण्याला वाढतात तसं. मला "पाव्हणं" म्हणते. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायचा होता तो मी भाजला, कुडाची भिंत नीट केली, तिनं हे बघितलं आणि आत गेली.

गावातली माणसं येऊन विचारतात, घोड्यावरून किती जण मारलेस. रिसाल्यात आता घोडे नाहीत, लोखंडी चिलखताच्या गाड्या आहेत, हे सांगून दमलो. मी मारलं कोणाला ते मला माहीत नाही. पुढची गाडी पेटली होती. मी उतरलो आणि आतली दोन माणसं ओढून काढली. तिसरा आतच राहिला. तो माझ्याशी पत्ते खेळायचा. त्याचं इथं कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

तिथं आग समोर होती तेव्हा काय करायचं ते मला लगेच कळलं. इथं ही समोर भाकरी थापते आणि मला काही म्हणता काही कळत नाही. पंचांनी तिला विचारायलाच नको होतं. पहिल्या लग्नात कोणी विचारलं नव्हतं, ती नऊ वर्षांची होती.

रजा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आहे. तुम्ही मोठे आहात. गुरुजींकडून तिला समजावून सांगा.

आपला भागोजी


माझगाव
१७ मे १९५०

गुरुजींस रामराम.

ही काय थट्टा मांडली आहे? मंडळात मला तोंड दाखवायची चोरी झाली. आधी मेला म्हणून हार घातला, मग जिवंत म्हणून पेढे वाटले, आता लोक विचारतात की बायको नांदायला का तयार नाही. मी काय सांगू?

मला वाटतं तिला बांगड्यांचा राग आला आहे. आपल्याच माणसांनी फोडल्या, तेही नवरा जिवंत असताना. राग रास्त आहे. कोणाला तरी दोष द्यायचाच तर मला द्या. सोबत हिरवा चुडा धाडतो आहे, हातानं निवडून घेतला आहे. तो तिला द्या आणि म्हणावं, थोरल्या दिरानं माफी मागितली आहे.

बाळाजी


माणगाव
१४ जून १९५०

बाळाजीरावांस नमस्कार.

चुडा पोचला. पण तुम्ही चुकलात आणि मीही चुकलो. राग नव्हता, लाजही नव्हती.

मी गेलो आणि तिला परसात एकटीला गाठून विचारलं. शेण कालवता कालवता ती बोलली. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत देतो.

"दादा, कुनाला सांगू नको, लोक थुकतील माझ्यावर. तेराव्याच्या राती मी निजले. धा वर्सात पयल्यांदा धड निजले. पोस्टमन बांधावर दिसला की पोटात गोळा यायचा माझ्या. धावत जायची ती बी भ्यानं. तेरावा झाला नि गोळा गेला. आता कुनाचा काय यायचा व्हता? ह्ये जित्ये आले त्ये लय बरा झाला. देवाला नारळ दिला मी. पन होय म्हनले की तो गोळा परत पोटात घ्यायचा. म्हनून तोंडातनं शबूद फुटत न्हाय."

त्या दिवशी ती दळत राहिली तेव्हा मला वाटलं होतं तिचं मन मेलं. तिचं मन त्या दिवशी निवांत होतं. भाऊ असून मला एवढं कळलं नाही याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पंचांसमोर आली. म्हणाली, "नोकरी सोडा असा मी म्हननार न्हाय. रिसाला सुटला तर ह्ये हितं बसून सुकतील. पन माझी एक अट हाय. ह्ये रजेवर आले की पाट लावा. जाताना मी कुंकू पुसनार. हितं असतील तवर मी बायको. तरीवरनं गेले की माझ्यापुरते गेले. आले की पुन्ना पाट."

कोंडाजीकाका उठून उभे राहिले. "असा कधी कुठं झाला हाय का?"

"काका," राही म्हणाली, "जित्या मानसाचा पिंड तरी कधी कुठं झाला व्हता?"

काका खाली बसले. पंचांनी भागोजीकडे बघितलं. तो म्हणाला, "कबूल." त्याला नीट समजलं होतं की नाही, कोण जाणे. त्याच संध्याकाळी पाट लागला. चुडा तुमचाच भरला. पुढचे आठ दिवस त्या घरातून हसण्याचे आवाज येत होते, हे मी स्वतः ऐकलं.

परवा तो निघाला. आम्ही तरीपर्यंत गेलो. तिथं राहीनं पदर घेतला आणि कपाळ पुसलं. एकेक बांगडी उतरवली, गळ्यातलं काढलं, सगळं पदरात बांधलं. जैनुद्दीन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. भागोजी मात्र बघत होता. आपण मेल्यावर बायको कशी दिसेल हे कुठल्या शिपायाला बघायला मिळतं? त्याच्या तोंडावर जी भीती होती ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. राही शांत होती. "जावा आता," म्हणाली, आणि वळून घराकडे चालू लागली. त्या बाबतीत तिचं तिनं बरोबर जुळवलं, असं मला तरी वाटलं.

शिवदास


माझगाव
२ मे १९५७

गुरुजींस रामराम.

गेल्या महिन्यात गावी भागोजीचा पाट लागला. कितवा, ते मोजणं मी केव्हाच सोडलं. आता तर गावकऱ्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की शिवदास गुरुजी यायचे आहेत म्हणून पाट दोन दिवस पुढे ढकला, असंही चालतं. त्याची लेक नीराबाई पाच वर्षांची झाली. तिनं मला विचारलं, "मोठे बाबा, तुमचा आनि काकीचा पाट कधी?" काकी, म्हणजे माझी बायको, तीन दिवस हसत होती.

जाताना भागोजी एक दिवस माझ्याकडे राहिला. जमादार झाला आहे, आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. मी त्याला विचारलं, तुला त्या पांढऱ्या कपाळाचं काही वाटत नाही का? म्हणाला, "भाऊ, पहिल्या वेळी छाती फुटायची वेळ आली होती. आता उलट वाटतं. बाकीचे जवान बर्फात बसून घरच्या काळजीनं अर्धे होतात. मला ठाऊक असतं की माझ्यामागे कोणी झुरत नाही. मी मोकळा असतो." राहीचं कौतुक करताना थकत नव्हता. तुमची बहीण वेडी आहे असं मी एकदा बायकोजवळ म्हटलं होतं, ते मागे घेतो.

बाळाजी


माणगाव
२४ फेब्रुवारी १९६३

बाळाजीरावांस नमस्कार.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. काळजी घ्या. भागोजी पुढच्या महिन्यात पेन्शनवर येतो आहे, आता कायमचा. सगळं सुखरूप पार पडलं म्हणूनच हे लिहायचं धाडस करतो. एकट्याच्या पोटात राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पाखरवाडीला होतो. चीनची लढाई पेटलेली, आणि भागोजी तिकडेच वर कुठेतरी, पत्र नाही. राहीचं कपाळ रीतीप्रमाणे कोरं. गावातल्या बाया तिच्याकडे धीर मागायला येत होत्या, कारण त्यांच्यात एकटी तीच घाबरलेली दिसत नव्हती. एका दुपारी पोस्टमन बांधावर आला. ती जात्यावर होती. मी सहज तिच्या हाताकडे पाहिलं. खुंटा धरलेला, पण जातं फिरत नव्हतं.  पोस्टमन दुसऱ्याच घराकडे वळला, तेव्हा ती परसात जाऊन ओकली.

मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "गोळा कधी गेलाच न्हाय, दादा. पयल्या पाटानंतर कुंकू पुसला, वळले, नि चार पावलांत परत आला. तेराव्यानंतर गेला व्हता त्यो, ह्ये खरेच मेले असा वाटला म्हनून. जिता हाय ठावं असताना कुंकू पुसून काय व्हतंय?"

"मग इतकी वर्षं हे सोंग कशाला?"

"त्येंना खरा वाटतंय ना! त्ये मोकळे जातात. मागं कोन झुरतंय असा मनात आला तर मानूस आगीत हात घालताना थबकतो. थबकला की मेला. त्येंनी मना त्या तिसऱ्या मानसाचा सांगितला हाय. रातचे वरडत उठतात त्याच्या नावानं. मी आनि एक वझा त्येंच्यावर टाकू?"

मला शपथ घातली आहे की भागोजीला यातलं काही कळू देऊ नये. तुम्हीही कळू देऊ नका. मी मास्तर माणूस, तिनं मला तेरा वर्षं फसवलं आणि मी तिला निवांत समजत राहिलो.

शिवदास


माझगाव
५ मार्च १९६३

गुरुजींस रामराम.

हे पत्र मी सांगतो आहे आणि शेजारचा माणूस लिहितो आहे. डोळ्यावर अजून पट्टी आहे. आलेलं टपाल जो कोणी खोलीवर असेल तो वाचून दाखवतो.

काल तुमचं पत्र आलं तेव्हा खोलीवर भागोजी होता. ठरल्यापेक्षा आधी सुटका झाली, सकाळीच ट्रंक घेऊन उतरला होता. मी म्हटलं, शिवदासचं असेल, वाच.

त्यानं वाचलं. माझ्या डोळ्यांचं वाचलं, दिवाळीचं वाचलं. जात्याशी आला आणि थांबला. मला वाटलं उजेड कमी पडला असेल, मी म्हटलं दार उघड. त्यानं दार उघडलं. मग पुन्हा वाचू लागला आणि शेवटपर्यंत वाचलं. "भागोजीला कळू देऊ नका" हेसुद्धा वाचलं. आवाज हुकूम वाचतात तसा सपाट होता. मला अडवायचं सुचलं नाही.

नंतर तो रडला. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. लहानपणीसुद्धा मी त्याला रडताना ऐकलेलं नाही. मी हात पुढे केला तो त्यानं दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाला, "भाऊ, मी जवानांना फुशारक्या मारत होतो, माझी बायको झुरत नाही म्हणून."

तिला तो काही बोलणार नाही म्हणतो. ते त्याला जमणार नाही, त्याचा चेहरा बघूनच ती ओळखील. ओळखू दे.

त्याचं एकच सांगणं आहे. पंचांना घरी जमवू नका, तरीवर बोलवा. होडी लागली की तिथल्या तिथंच, वाळूतच पाट लावायचा. तरीपासून घरापर्यंतसुद्धा तिला कोऱ्या कपाळानं चालायला लावणार नाही, असं त्यानं मला तीनतीनदा बजावलं आहे. कुंकू आणि चुडा त्यानं इथूनच घेतला. चुडा कुठल्या मापाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोनं सांगितलं.

पत्र टपालात टाकत नाही, त्याच्याच हाती देतो आहे. रात्रीच्या गाडीनं निघतो आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तो तुमच्या दारात उभा असेल. त्याला आधी पाणी द्या, आणि मग लगेच पाखरवाडीला माणूस धाडा.

बाळाजी